फुटलेल्या ताऱ्याची तसबीर

फुटलेल्या ताऱ्यांची रंगीत चित्रे आता कलाछापांच्या रूपाने घरांत, दवाखान्यांत आणि महाविद्यालयांच्या भिंतींवर दिसू लागली आहेत. कलाछाप म्हणजे जाड सुती कागदावर, कॅनव्हासवर किंवा धातूच्या पत्र्यावर टिकाऊ शाईने काढलेली, चौकटीत बसवून वर्षानुवर्षे ठेवण्याजोगी प्रत. या प्रतींत काही ठरावीक विषय पुन्हा पुन्हा येतात: वृषभ राशीतला क्रॅब तेजोमेघ, शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया ए, दक्षिण आकाशातला वेला अवशेष आणि तेजस्वी कड्याने वेढलेला सुपरनोव्हा १९८७ ए. ही चित्रे पाहणारा बहुधा सर्वांत आधी रंगांबद्दल विचारतो. हे रंग खरे आहेत की संगणकावर भरलेले? त्याचे नेमके उत्तर असे की प्रकाश खरा असतो आणि मोजलेला असतो; रंग त्या मोजमापाला नियमाने नेमून दिलेले असतात. तो नियम ठाऊक असला की भिंतीवरची तसबीर एखाद्या नकाशासारखी वाचता येते.

तारा फुटतो म्हणजे काय

सूर्याच्या साधारण आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याच्या पोटात हायड्रोजनपासून क्रमाक्रमाने जड मूलद्रव्ये तयार होत जातात. गाभा लोखंडाचा झाला की ही साखळी थांबते, कारण लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार सुटलेला गाभा सेकंदाहूनही कमी वेळात आत कोसळतो आणि बाहेरचे थर प्रचंड वेगाने अवकाशात फेकले जातात. दुसऱ्या प्रकारात जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेणारा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा दाट गाभा, एका मर्यादेनंतर संपूर्णपणे उद्ध्वस्त होतो. दोन्ही घटनांना सुपरनोव्हा म्हणतात. काही आठवडे असा एक तारा अख्ख्या दीर्घिकेच्या तोडीने प्रकाशतो.

प्रत्यक्ष स्फोटाचे छायाचित्र मात्र बहुधा अगदी साधे असते. आज अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ हा प्रकल्प अवघे उत्तर आकाश सतत टिपत असतो. तो उभारण्यात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. २०१८ पासून चालू असलेल्या या सर्वेक्षणातून दहा हजारांहून अधिक सुपरनोव्हांचे वर्गीकरण झाले आहे. पण त्यांतला प्रत्येक सुपरनोव्हा दूरच्या दीर्घिकेत उजळलेला आणि पुढे मावळलेला एक ठिपका आहे. भिंतीवर लावण्याजोगे तंतू, पापुद्रे आणि कडी दिसतात ती बहुधा स्फोटानंतर शेकडो किंवा हजारो वर्षांनी, आपल्याच आकाशगंगेत पसरलेल्या ढिगाऱ्यात. त्याला सुपरनोव्हाचा अवशेष म्हणतात, आणि विक्रीला असलेली बहुतेक चित्रे या अवशेषांचीच असतात.

रत्नागिरीच्या आकाशात

हे अवशेष कोकणातून कुठे शोधायचे? रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे छापांतले बहुतेक प्रसिद्ध अवशेष ज्या दिशांना आहेत त्या दिशा इथून पाहता येतात. क्रॅब तेजोमेघ वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी आहे. डिसेंबरच्या मध्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, तो रत्नागिरीच्या जवळजवळ डोक्यावर येतो, शिरोबिंदूपासून फक्त पाच अंश उत्तरेला. कॅसिओपिया ए उत्तरेकडे क्षितिजापासून साधारण ४८ अंशांपर्यंत चढतो. वेला अवशेष दक्षिणेला समुद्राच्या आणि डोंगरांच्या वर २८ अंशांपर्यंत येतो. सुपरनोव्हा १९८७ ए मात्र इथून जेमतेम चार अंश वर येतो, म्हणजे धुरकट क्षितिजात बुडालेलाच राहतो.

यांपैकी साध्या हौशी दुर्बिणीतून दिसतो तो क्रॅब. त्याची दृश्यप्रत सुमारे ८.४ आहे. पावसाळा संपल्यावर, दिव्यांपासून दूरच्या सड्यावरून, लहान दुर्बिणीत तो राखाडी, लांबट डागासारखा दिसतो. रंग दिसत नाही, कारण मंद प्रकाशात माणसाच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. चित्रातले रंग आणि दुर्बिणीतला राखाडी डाग यांत विसंगती काहीच नाही. डोळा क्षणभराचा प्रकाश घेतो, तर कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो.

कागदाआधीची चित्रे

फुटलेल्या ताऱ्याचे चित्र काढण्याचा प्रयत्न भारतात फार जुना असावा, असे काही संशोधकांना वाटते. काश्मीरमधील बुर्झहोम येथे उत्खननात सापडलेल्या एका शिळेवर शिकारीचे दृश्य आणि वर दोन तेजस्वी गोल कोरलेले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी हृषीकेश जोगळेकर व अनिकेत सुळे यांनी मांडलेल्या अनुमानानुसार त्यांतला एक गोल एचबी ९ नावाच्या अवशेषाला जन्म देणारा सुपरनोव्हा असू शकतो, आणि शिकारीचे दृश्य म्हणजे त्या भागातले तारकासमूह. हे अनुमान आहे, सर्वमान्य निष्कर्ष नव्हे. पण आकाशातली असाधारण घटना दगडात नोंदवण्याची शक्यता त्यातून पुढे आली.

इसवी सन १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत दिसलेल्या नव्या ताऱ्याची नोंद चिनी खगोलवेत्त्यांनी केली. तो २३ दिवस भर दिवसाही दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी भारतीय ग्रंथांत अशा घटनांच्या नोंदींचा शोध घेतला, पण १०५४ च्या ताऱ्याचा निःसंदिग्ध उल्लेख त्यांना मिळाला नाही. त्या ताऱ्याचा अवशेष म्हणजेच क्रॅब तेजोमेघ. हे नाते जुळण्यात छायाचित्रांचा हात आहे. १९२१ साली जॉन डंकन यांनी माउंट विल्सन वेधशाळेतील, सुमारे अकरा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा तेजोमेघाचे तंतू बाहेर सरकलेले आढळले. सरकण्याचा वेग उलटा मोजत गेले की स्फोटाचा काळ अकराव्या-बाराव्या शतकाजवळ येतो.

आकाशाचे छायाचित्रण कोकणच्या किनाऱ्यावर पोचले ते सूर्यग्रहणाच्या निमित्ताने. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. आज ते ज्यात आहे तो सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेचे संस्थापक-संपादक नॉर्मन लॉकयर आपली तुकडी घेऊन किल्ल्यावर उतरले. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील नाविकांना त्यांनी कामाला लावले आणि लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचे वर्णपट काचेच्या पट्ट्यांवर टिपले. त्याच दिवशी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे निरीक्षणे घेत होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. प्रकाश रंगांत विभागायचा, प्रत्येक रंगाची तीव्रता वेगळी नोंदवायची आणि अभ्यास नंतर सावकाश करायचा, ही विजयदुर्गावरची रीत आजच्या अवकाश दुर्बिणींच्या चित्रांचाही पाया आहे.

रंगावर रंग

अवकाश दुर्बिणीचा कॅमेरा एका वेळी एकच चित्र घेतो आणि ते कृष्णधवल असते. संवेदकापुढे एक गाळणी असते. ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश तिच्यातून आत येतो. संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला त्याचा आकडा नोंदवला जातो. मग गाळणी बदलायची आणि तोच भाग पुन्हा टिपायचा. पृथ्वीवर येते ती आकड्यांची फाइल. तिच्यात एकही रंग नसतो.

या आकड्यांवर क्रमाने संस्कार होतात. आधी वैश्विक किरणांच्या माऱ्यामुळे उमटलेले खोटे ठिपके काढतात. त्यासाठी एकाच भागाची अनेक छायाचित्रे घेतलेली असतात. जो ठिपका एकाच छायाचित्रात आहे तो ताऱ्याचा नव्हे. नंतर सगळी चित्रे बिंदूशी बिंदू जुळवून एकमेकांवर बसवतात. त्यानंतर येते उजळणी. कच्च्या चित्रात तारे पांढरेशुभ्र आणि बाकी सगळे काळेकुट्ट दिसते, कारण सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत मंद भागांच्या तेजात हजारोंचा फरक असतो. गणिती सूत्राने मंद भाग वर उचलला, तेजस्वी भाग आवरला, की तंतू दिसू लागतात. शेवटी प्रत्येक गाळणीच्या चित्राला एक रंग देऊन ती एकत्र करतात.

ही कृती महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे याच तत्त्वाने छापली जात. मूळ तैलचित्र रंगांत विभागायचे, प्रत्येक रंगछटेसाठी वेगळी शिळा तयार करायची आणि एकाच कागदावर त्या शिळांचे छाप एकावर एक घ्यायचे. एक शिळा केसभर सरकली तरी देवीचा चेहरा बिघडे. एकेका शिळेवरचे चित्र अपुरे असायचे. पूर्ण चित्र जुळणीतून साकारायचे. खगोलीय चित्रात शिळेची जागा गाळणीने घेतली आहे. फरक एवढाच की रविवर्मा छापखान्यात कारागीर मूळ चित्राचा रंग गाठू पाही, तर खगोलीय चित्र रचणारा कोणत्या मूलद्रव्याला कोणता रंग द्यायचा हे ठरवतो.

क्रॅबची प्रत, जवळून

हा नियम प्रत्यक्षात कसा चालतो ते क्रॅबच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रात दिसते. हबल दुर्बिणीने १९९९ आणि २००० मध्ये घेतलेली २४ छायाचित्रे जोडून हे चित्र बनवले गेले आणि ते डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. क्रॅब आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. चित्रात केशरी, हिरव्या, लाल आणि निळ्या तंतूंचे जाळे दिसते आणि मधोमध निळसर झाक.

यात तटस्थ ऑक्सिजनला निळा, एकेक इलेक्ट्रॉन गमावलेल्या गंधकाला हिरवा आणि दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनला लाल रंग दिला आहे. निसर्गात यांतल्या पहिल्या दोघांचा प्रकाश लाल असतो. तटस्थ ऑक्सिजन सुमारे ६३० नॅनोमीटरला आणि गंधक सुमारे ६७३ नॅनोमीटरला चमकतो. तिसरा, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, सुमारे ५०१ नॅनोमीटरला हिरव्या प्रकाशात चमकतो. म्हणजे छापील चित्रात लाल दिसणारा तंतू मुळात हिरवा आहे आणि हिरवा व निळा दिसणारे तंतू मुळात लाल. रंग मूळचेच ठेवले असते तर गंधक आणि तटस्थ ऑक्सिजन एकमेकांत मिसळून गेले असते आणि कोणते द्रव्य कुठे आहे ते कळले नसते. रंगांची ही अदलाबदल माहिती दाखवण्यासाठी आहे. ती लपवण्यासाठी नाही.

मधली निळसर झाक वेगळ्या कारणाने आहे. स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉन तारा तिथे सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेत फिरतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन हा प्रकाश सोडतात. हा तारा १९६८ मध्ये सापडला. चांगल्या प्रतीत केंद्राजवळच्या दोन ठळक ताऱ्यांपैकी एक म्हणून तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. स्वस्त प्रतीत निळ्या झाकेत तो विरघळून जातो.

न दिसणारा प्रकाश

काही चित्रांत दृश्य प्रकाशाबरोबर माणसाला मुळीच न दिसणारे किरणही असतात. कॅसिओपिया ए सुमारे ११,००० प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याच्या स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर १६८० च्या आसपास पोचला असावा. त्याचे २००५ मधले गाजलेले चित्र तीन दुर्बिणींच्या निरीक्षणांतून साकारले: स्पिट्झरचे अवरक्त किरण लाल रंगात, हबलचा दृश्य प्रकाश पिवळ्या रंगात आणि चंद्रा वेधशाळेचे क्ष-किरण हिरव्या व निळ्या रंगांत. लाल भागात कोमट धूळ आहे, तर निळ्या-हिरव्या भागात कोट्यवधी अंशांना तापलेला वायू. चंद्रा वेधशाळेला ज्यांचे नाव दिले ते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनीच श्वेतबटूच्या वस्तुमानाची मर्यादा शोधली. जेम्स वेब दुर्बिणीने घेतलेली कॅसिओपिया ए आणि क्रॅब या दोघांची अवरक्त चित्रे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या प्रतीही लगोलग बाजारात आल्या.

रेडिओ लहरींतली चित्रे महाराष्ट्रातही तयार होतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण सुपरनोव्हांच्या अवशेषांचा अभ्यास करते. रेडिओ चित्रातला रंग पूर्णपणे नेमलेला असतो. तो बहुधा तीव्रतेची पातळी सांगतो.

पडद्यावरून कागदावर

पडद्यावरचे चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या बेरजेतून तयार होते; छापील चित्र शाई प्रकाश शोषून घेते म्हणून दिसते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा किंवा जांभळा कागदावर तसाच्या तसा उतरत नाही. चांगला छपाईकार विशिष्ट प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या जोडीसाठी तयार केलेले रंगवर्णन वापरतो, आधी पडद्यावर छपाईचा अंदाज पाहतो आणि मग लहान तुकडा छापून तपासतो.

या चित्रांत सर्वांत अवघड असतो तो काळा रंग. चौकटीचा बराचसा भाग आकाशाने व्यापलेला असतो. खरखरीत, चकाकी नसलेल्या कागदावर काळा थोडा राखाडी पडतो. किंचित चमक असलेल्या कागदावर तो खोल उतरतो. उलट काळा फार गडद केला तर मंद तंतू त्यात बुडतात. म्हणून छपाईआधी गडद भाग किंचित उजळावा लागतो. टिकाऊपणासाठी रंगकणांची शाई रंगद्रावणाच्या शाईपेक्षा सरस ठरते आणि आम्लरहित सुती कागद साध्या कागदासारखा पिवळा पडत नाही.

आकाराचे गणितही पाहावे लागते. क्रॅबच्या हबल चित्राची बाजू सुमारे ३,९०० बिंदूंची आहे. इंचाला ३०० बिंदू धरले तर प्रत तेरा इंची होते. १५० धरले तर सव्वीस इंची. सव्वीस इंची प्रत चार-पाच फुटांवरून उत्तम दिसते. त्याच फाइलमधून पाच फुटी छाप काढला तर संगणकाने अंदाजाने भरलेले बिंदू वाढतात आणि तंतूंची धार जाते.

कोकणातली भिंत

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवा दमटच असते. कागदी प्रतीचे इथले शत्रू म्हणजे बुरशी, कसर, वाळवी आणि भिंतीची ओल. जांभ्या दगडाच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पावसाची झड लागते त्या बाजूला, कागदी प्रत लावू नये. घराच्या आतली भिंत बरी.

चौकट करताना काच प्रतीला टेकता कामा नये. टेकली तर दमट हवेत शाईचा थर काचेला चिकटतो आणि सुटता सुटत नाही. मधे आम्लरहित जाड माउंट हवा. प्रत पाठीला पूर्ण चिकटवू नये; वरच्या दोन कोपऱ्यांना कागदी पट्टीने टांगावी, म्हणजे हवेतला ओलावा बदलताना कागदाला फुगायला-आकसायला जागा राहते. साधी चिकटपट्टी काही वर्षांत डाग पाडते. मागे साध्या प्लायवूडऐवजी आम्लरहित पुठ्ठा आणि कडांना पट्टी लावावी. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बुटे लावली की भिंत आणि चौकट यांत हवा खेळती राहते. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यावे, काचेवर फवारू नये. गडद चित्रापुढची काच आरशासारखी वागते, म्हणून प्रत खिडकीच्या किंवा दिव्याच्या समोर नको. थेट ऊनही नको. कागदाची काळजी घेणे जमणार नसेल तर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उतरवलेली प्रत दमट हवेला अधिक सोसते.

विकत घेताना

‘फुटणारा तारा’ या नावाखाली विकली जाणारी सगळीच चित्रे सुपरनोव्हाची नसतात. हेलिक्स आणि कॅट्स आय हे सूर्यासारख्या ताऱ्यांनी शेवटी हळूहळू सोडलेले वायूचे थर आहेत. ईटा कॅरिनी या ताऱ्याने एकोणिसाव्या शतकात प्रचंड उद्रेक करून दोन फुगीर मेघ फेकले, पण तारा शिल्लक आहे. सुपरनोव्हा १९८७ ए भोवतीच्या कड्यातले द्रव्यही स्फोटाच्या सुमारे वीस हजार वर्षे आधीच ताऱ्याने टाकलेले होते. स्फोटाच्या धक्क्याने ते उजळले.

नासाची चित्रे सर्वसाधारणपणे स्वामित्वहक्कापासून मुक्त असतात. हबलच्या युरोपीय संकेतस्थळावरची आणि युरोपीय दक्षिण वेधशाळेची चित्रे श्रेय देण्याच्या अटीवर वापरता येतात. त्यामुळे मूळ फाइल कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते आणि रत्नागिरीतला छपाईकारही तिची उत्तम प्रत काढू शकतो. दुकानातल्या प्रतीची किंमत कागद, शाई, छपाईचे कसब आणि चौकट यांची असते. हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांवर मात्र त्यांचा हक्क असतो आणि त्यांची परवानगी लागते.

चांगल्या प्रतीच्या मागे किंवा खाली पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: अवशेषाचे नाव आणि तारकासमूह, अंतर, दुर्बीण, निरीक्षणाचे वर्ष, आणि कोणत्या रंगाने कोणते द्रव्य किंवा कोणता किरण दाखवला आहे. विक्रेत्याने ही माहिती दिली नसेल तर वेधशाळेच्या मूळ प्रसिद्धीपत्रकातून ती मिळते आणि एका चिठ्ठीवर लिहून चौकटीच्या पाठीला लावता येते. मग हबलच्या क्रॅबच्या प्रतीपुढे घरातल्या मुलाने ‘हा लाल कसला?’ असे विचारले तर ‘ऑक्सिजनचा’ असे ठाम उत्तर देता येते.